नऊशेचा कागद

भोंगवली, २६ जुलै २०२५

अश्विनी वहिनी,

शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर आणि चुका दोन्ही सांभाळून घ्या. तुम्ही फोन उचलत नाही, मेसेजवर एकच टिक येते, म्हणजे मला ब्लॉक केलंय. नणंदेला ब्लॉक करणारी भावजय आमच्या घरात तुम्हीच पहिल्या. असो.

आईचं कळवते. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, सहा आठवडे ठेवायचंय. दुखणं कमी आहे, पण पायात जोर नाही. खाटेवरून उठायचं तर दोघांनी धरावं लागतं. मी भोरमधली माझी सकाळची बॅच बंद ठेवून इथं राहायला आले आहे. वजन कमी करायला येणाऱ्या माझ्या चाळीस बायका रोज फोन करतात, मॅडम कधी येताय म्हणून. त्यांना काय सांगायचं ते मला कळत नाही.

गेल्या रविवारी भावकीतल्या गोरखदादाच्या नातवाच्या बारशात जे झालं ते कुणाच्या हातातलं नव्हतं. आई पंगतीतून उठायला गेली, गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथंच कोसळली. चार माणसं जमली की चार तोंडं बोलतात. कुणी तरी म्हणालं, ‘म्हातारी पार वाळली, सून खायाला घालती का न्हाई?’ त्यावर माझ्या तोंडून गेलं, ‘सैपाकघर वयनींच्या ताब्यात हाय, म्या काय भोरात बसून घास भरवू?’ मी घाबरले होते. घाबरलेल्या माणसाचं कुणी एवढं मनावर घेतं का? तुम्ही तर त्याच दुपारी पिशवी भरून मार्गासनीला माहेरी निघून गेलात. वीस वर्षांच्या संसारात हे काही शोभलं नाही.

आणि आईला दवाखान्यात न्यायला आणलेल्या जीपच्या दारात दादाला म्हणालात म्हणे, ‘घरात भितीवरचा कागद वाचा, मग बोला.’ दादाने दवाखान्यातून आल्या आल्या पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं. त्याने मला विचारलं. मी काय सांगणार? रागात माणूस काहीही बोलतं.

दादा जेवतो, शेतावर जातो, गप्प असतो. पुण्याहून शेफालीचा फोन येतो तो फक्त बापाला, आत्याला नाही. पोरीला तुम्ही काय सांगितलंय कोण जाणे. आता ताणू नका. आईला तुमची सवय आहे. या.

नूतन


भोंगवली, ३ ऑगस्ट

वहिनी,

उत्तर आलं नाही. पोस्ट मार्गासनीपर्यंत पोचतं ना, असं मी दादाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘पोचतं. मान्सं न्हाई पोचत.’ एवढंच बोलला.

गुरुवारी आईला दाखवायला भोरला नेलं होतं. डॉक्टरांनी आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. पोरसवदाच आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी विचारलं, आजी दिवसभरात काय खायच्या? मी ऐटीत सांगितलं, नऊशे कॅलरी, रोजच्या रोज मोजून. त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, ‘कॅलरी कळल्या. प्रोटीन किती?’

वहिनी, मला ते सांगता येईना. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं, आणि आईच्या पोटात प्रोटीन किती जातं हे मला माहीत नव्हतं. तिथंच बोटांवर हिशेब केला. वीस ग्रॅम भरेना. तिला साठ-सत्तर तरी पाहिजे होतं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, ‘चौदा किलो उतरले, पण त्यात चरबी किती गेली आणि मांस किती गेलं हे काट्याला कळत नाही. ह्यांच्या मांडीतलं मांस गेलंय. म्हणून त्या उठू शकल्या नाहीत.’

तुम्हाला आठवत असेल, मार्चमध्ये मी आईची अंडी बंद केली आणि चहाबरोबर बेकरीचे दोन बटर चालू केले. दोन अंड्यांच्या दीडशे कॅलरी, चहा-बटरच्याही दीडशे. आईला बटर आवडतात, ती कुरकुर करत नव्हती. आई खूश आणि मोबाईलमधला आकडाही खूश. शेंगदाणे जड म्हणून काढले, दही जड म्हणून काढलं, त्याजागी चुरमुरे आणि काकडी. तुम्ही तेव्हा दारात उभं राहून म्हणाला होतात, ‘वन्सं, आत्याबाईंच्या दंडाची कातडी लोंबाय लागलीया.’ मी म्हणाले, ‘वहिनी, दंड बघू नका, काटा बघा.’

तर आता कॅलरीच्या मागे न लागता प्रोटीन, कार्ब, फॅट, तिन्ही वेगवेगळं मोजायचं असं ठरवलं आहे. त्याला मॅक्रो म्हणतात. मी तक्ता केलाय, तीन रंगांत. हिरवा प्रोटीनचा. पण श्रावण लागला, त्यामुळे आई अंड्याकडे बघत नाही. दूध घेते, पण अर्धा पेलाच. काल मी हुलग्याचं पीठ तोलून माडगं केलं, पंधरा ग्रॅम प्रोटीनचं. तिने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. ‘ह्ये हुलग्याचं हाय व्हय? अश्विनी कसं करती तिला इचार.’

म्हणून विचारते. पीठ आधी भाजता का? गूळ कधी घालता?

भाकऱ्यांचंही तेच. मी काट्यावर ठेवली की आई तोंड फिरवते. ‘जेवणाऱ्याच्या भाकरी मोजत न्हाईत गं. तुला कुनी शिकवलं न्हाई व्हय?’ शिकवलं होतं, तिनेच. लहानपणी मी बाबांच्या भाकऱ्या मोठ्याने मोजल्या म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता.

माझं चुकलं असेल थोडं. पण हेतू चांगला होता. गुडघ्यांसाठी वजन उतरवा असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

माडग्याचं कळवा.

नूतन


भोंगवली, ९ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र काल आलं. पत्र कसलं, वहीचं फाडलेलं पान. एका बाजूला माडग्याची कृती, मीठ किती तेसुद्धा. दुसऱ्या बाजूला एकच ओळ: ‘वन्सं, कागद कुठं हाय त्ये तुमाला ठावं हाय.’

ठाऊक आहे. माझ्या पर्समध्ये आहे. आतल्या चेनच्या कप्प्यात, चौघडी करून.

जीपच्या दारात तुम्ही दादाला म्हणालात ते मी मागे उभी राहून ऐकलं. आईचं लुगडं आणते असं सांगून मी घरी पळाले. स्वयंपाकघरात गेले आणि कागद ओढला. चिकटपट्टीचे चार तुकडे तसेच राहिले. तुम्ही पिशवी भरायला आलात तेव्हा ते चार तुकडे तुम्हाला दिसले असणार. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. मीही लुगड्याची घडी घालत बसले होते, बाराशे वेळा घातली असेल.

दादाने विचारलं तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, ‘कसला कागद?’ आणि पहिल्या पत्रात तुम्हालाच तो रागाचा भ्रम ठरवला. मला लाज वाटते, वहिनी. माझ्या नवऱ्याशी भांडणात मी शंभरदा खोटं बोलले असेन, पण असलं नाही.

कागदावर काय आहे ते तुम्हाला पाठ असेल. माझं अक्षर, माझं नाव, खाली माझ्या बॅचचा शिक्का. आईचे रोजचे बाराशे. मग बाराशे खोडून हजार. मग हजार खोडून नऊशे, लाल पेनने, दोन रेघा ओढून. आणि तळाला: ‘यापेक्षा एक घासही जास्त नको. वहिनी जबाबदार.’ हे मी लिहिलं.

खरं दुखणं अजून पुढे आहे. काल संध्याकाळी तुमच्या कृतीने, भाजलेल्या पिठाचं माडगं केलं. आईने वाटी संपवली. मी म्हणाले, बघ, आवडलं ना. तर ती म्हणाली, ‘आवडलं. पर तिच्या डाळीत कूट असायचा.’

कसला कूट, विचारलं. आई खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्या सांगनार न्हवते. ती मला गपचूप शेंगदान्याचा कूट घालून डाळ द्यायची. मूठभर. रातच्याला साय द्यायची. म्हनायची, आत्याबाई, वन्संना सांगू नगा. मंग मे म्हैन्यात तू फोनवर तिला लई बोललीस. तवापास्नं तिनं बंद केलं. तिचा बी काय दोष? तूच म्हनलीस, तुमी मुद्दाम माजं नाव घालवताय.’

मला तो फोन आठवतो. मेमध्ये तीन आठवडे काटा हलला नाही. चोवीस तारखेला माझ्या बॅचचा मोठा कार्यक्रम होता. त्यात आईचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावायचे होते आणि मला पुरा आकडा पाहिजे होता. मी तुम्हाला म्हणाले, ‘घरात कोण तरी चोरून देतंय. तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?’ तुम्ही गप्प राहिलात. मी जिंकले असं मला वाटलं. आणि भोंगवलीला येऊन हजारावर लाल रेघ मारली.

म्हणजे आई तीन महिने धड चालत होती ती तुमच्या मुठीवर. ती मूठ मी बंद केली आणि दोन महिन्यांत आई पडली. वर तुम्हालाच चारचौघांत उपाशी ठेवणारी ठरवलं. आईही बारशात गप्प राहिली, पण ती माझ्यासाठी गप्प राहिली. मी स्वतःसाठी बोलले.

मला माफ करा असं लिहायला हात उचलत नाही. दादाला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार होते, तो दुपारी भाताला गेला. खरं सांगते, तो घरात होता तेव्हाही मी सांगितलं नाही.

नूतन


भोंगवली, १७ ऑगस्ट

वहिनी,

सांगितलं.

दादाला एकट्याला सांगून भागणार नव्हतं. तुमचं नाव गोरखदादाच्या अंगणात गेलं होतं, ते तिथंच परत आणायला पाहिजे होतं. आज दुपारी बाळाला बघायला म्हणून भावकीतल्या बायका तिथं जमल्या होत्या. मी दादाला म्हणाले, चल. तो म्हणाला, ‘मला कशाला?’ मी म्हणाले, ‘चल म्हणते ना.’ इतकी वर्षं मी त्याच्यावर दादागिरी केली, तिचा पहिल्यांदा उपयोग झाला.

अंगणात गेले आणि पर्समधून कागद काढला. पाठ केलेलं सगळं विसरले. नुसता गोरखदादाच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘मोठ्यानं वाचा.’ त्याला चष्मा लागत होता, तो आणेपर्यंत मी उभी. त्याने वाचलं. नऊशे. एक घासही जास्त नको. वहिनी जबाबदार. शिक्क्यावरचं माझ्या बॅचचं नावही त्याने वाचलं, मोबाईल नंबरसकट.

मग मी सांगितलं की हा मी लिहिला, मी लावला, मी फाडला आणि मीच लपवला. आई वाळली ती माझ्या आकड्यांनी. वहिनी तिला चोरून खायला घालत होत्या, तेही मी बंद पाडलं. त्या बायकांतल्या बनाबाई म्हणाल्या, ‘मंग त्या पोरीला म्हैनाभर आमी काय काय बोललो गं.’ आणि पदर तोंडाला लावला. त्यांची मान खाली होती, माझ्यापेक्षाही खाली.

दादा अंगणाबाहेर गेला, वाटेवरच्या दगडावर बसला. मी जवळ गेले तर म्हणाला, ‘तू माजी भन हायस म्हनून म्या तुजं खरं मानलं. ती माजी बायकू हाय, तिचं का न्हाई मानलं?’ हे त्याने मला विचारलं नव्हतं. मी तिथून निघून आले.

माझ्या बॅचच्या ग्रुपवरही लिहिलं. आईचे फोटो काढून टाकले, खरं काय झालं ते लिहिलं, आणि म्हणाले की ज्यांना मी नुसत्या कॅलरीवर ठेवलंय त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. संध्याकाळपर्यंत सव्वीसजणी ग्रुप सोडून गेल्या. एकीने लिहिलं, मॅडम, मग आता मॅक्रोचा तक्ता पाठवा. मला हसावं की रडावं कळेना. मोजायचं काय हे मी शिकेन, पण समोरच्या माणसाकडे बघायचं कसं हे तुम्हाला येतं. मला तेच येत नव्हतं. तुम्ही दंड बघितलात. मी मोबाईल बघितला.

दादा येतो म्हणतोय तुम्हाला न्यायला. मी त्याला म्हणाले, न्यायला जाऊ नको, आधी पाया पड. तो हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

नूतन


भोंगवली, २५ ऑगस्ट

वहिनी,

दादा तुमच्याकडून रिकामा परत आला. त्याने सांगितलं, तुम्ही चहा दिला, जेवू घातलं, तुमच्या सिद्धनाथभाऊंनी गोठा दाखवला, आणि निघताना तुम्ही म्हणालात, ‘म्या इतक्यात येत न्हाई. मन व्हईल तवा यीन.’ दादाला वाटलं आई कोसळेल. आईने सगळं ऐकून घेतलं, वर विचारलं, ‘तिनं सैपाक काय केलता?’ दादाने सांगितलं, मटकीची उसळ, भाकरी, ताक.

मग आईने सांगून टाकलं. ‘ती येत न्हाई तर म्याच जाते.’

दादा म्हणाला, ‘आई, सुनंच्या माहेरी ऱ्हायला कुनी सासू जाती का? लोक काय म्हन्तील?’ आई म्हणाली, ‘लोकांनी लई म्हनून झालं. आता माजं ऐक. तिनं मला वीस वर्सं वाडलं, आता तिच्या दारात बसून चार घास खाल्लं तर काय बिगडलं?’ तुमच्या आईंना तिने स्वतः फोन केला. काय बोलल्या दोघी मला माहीत नाही, दार लोटलं होतं. पण आई हसत होती, हे मी ऐकलं. महिनाभरात पहिल्यांदा.

उद्या सकाळी दादा गाडी करून नसरापूरवरून आईला घेऊन येतोय. काठी घेऊन दहा पावलं चालते, उठताना अजून धरावं लागतं. तक्ता मी देत नाही. आहारवाल्या बाईंनी लिहिलेली चिठ्ठी तेवढी देते, ती वाचा किंवा वाचू नका. एक सांगते, कारण हे तुम्हाला माहीत असूनही मला सांगायचंय: दुपारी तिला झोप लागली की उठवून दूध देऊ नका, चिडते. हे मी या महिन्यात शिकले. आईबद्दलची एवढी एक गोष्ट माझी स्वतःची आहे.

तिचं लुगड्यांचं बोचकं मी बांधत होते. मग मी विचारलं, ‘आई, मी तुला भेटायला मार्गासनीला येऊ का?’ मला वाटलं ती म्हणेल ये की, लेक आहेस. आजवर हेच म्हणत आली.

ती म्हणाली, ‘त्ये घर अश्विनीचं हाय. तिला इचार.’

म्हणून विचारते, वहिनी. येऊ का?

नूतन